शेवटपर्यंत सांगून घेतलेली गोष्ट

गोष्ट लिहून पूर्ण होईपर्यंत ती कुणालाही सांगायची नाही, हा माझा नियम आहे. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, कुणालाच नाही. फार वर्षांपूर्वी, पुण्यात असताना, मी एक अख्खी गोष्ट चहा पिता पिता नवऱ्याला सांगून टाकली होती. तो "वा" म्हणाला आणि कप विसळायला उठला. दुसऱ्या दिवशी मी लिहायला बसले तर हातच चालेना. सगळं माहीत होतं, पण लिहावंसंच वाटेना. भात शिजायच्या आधीच कुकरची शिट्टी उचलल्यावर जे होतं, तेच झालं. तेव्हापासून मी तोंड शिवून लिहिते.

हे आधीच सांगून ठेवतेय, कारण पुढे मी जे केलं ते नकळत झालं असं कुणी म्हणायला नको. मला पक्कं ठाऊक होतं मी काय करतेय ते.

आम्ही बंगळूरला हेब्बाळमध्ये राहतो आणि माझं ऑफिस आहे महादेवपुऱ्यात. म्हणजे कंपनीच्या गाडीत सकाळी सव्वा तास आणि संध्याकाळी नशिबात असेल तितका. काम काय, तर सॉफ्टवेअर कसं वापरावं याची माहितीपत्रकं लिहिणं, तीही इंग्रजीत. हे बटण दाबा, मग ते बटण दाबा. मराठीतलं माझं लेखन म्हणजे दिवाळी अंकांत आलेल्या काही कथा आणि एक संग्रह, ज्याच्या निम्म्या प्रती अजून आमच्या पलंगाखाली खोक्यात आहेत. तरीपण कुणी विचारलं की मी लेखिका आहे असंच सांगायचे.

ती मला याच गाडीत भेटली. निपाणीकडची, लग्न होऊन इथे आलेली, माझ्याहून सहा-सात वर्षांनी लहान. पहिल्याच दिवशी ती फोनवर बोलत होती, "स्वल्प थांब गं आई, गाडी सिग्नलला हाय," आणि मी मान वळवून मागे बघितलं. तेव्हापासून मागची सीट आम्हा दोघींची झाली. मधल्या सीटवरचे दोघे कानात इअरफोन घालून झोपायचे, ड्रायव्हरला मराठी येत नव्हतं. त्यामुळे मागे आम्ही काहीही बोलायला मोकळ्या होतो.

ती टेस्टिंगमध्ये आहे. नवं सॉफ्टवेअर तयार झालं की वापरणारा माणूस त्यात काय काय गाढवपणा करून ठेवेल, याची कल्पना करायची, हे तिचं काम. ते तिच्या अंगातच होतं. गाडी थांबली की बाहेर दिसेल त्या माणसाचं आयुष्य ती सांगायला लागायची. एकदा शेजारी स्कूटरवर मागे एक बाई मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. ही म्हणाली, "माहेरी निघालीय. पण भांडून नव्हे. भांडून निघालेली बाई जेवणाचा डबा घेत नाही." मी पण त्याच बाईकडे बघत होते आणि मला फक्त पिशवी दिसली होती. मी हसले, पण पोटात दुखलं. खरोखर दुखलं.

त्यात तिला त्याची काही किंमतच नव्हती. सुचलं, बोलली, गाडी हलली, विसरली. इथे मी एका वाक्यासाठी सबंध रविवार घालवते आणि संध्याकाळी ते खोडते. चणे सगळे तिच्या पदरात, आणि दात तेवढे माझ्याकडे. निदान तिला लिहायचं सुचत नाही, एवढंच माझं समाधान होतं.

एका सोमवारी ते पण गेलं. आदल्या दिवशी ती दिराच्या लग्नाच्या साड्या घ्यायला चिकपेटला गेली होती. तिथल्या मोठ्या दुकानांत साडी दाखवणारा माणूस ती स्वतःच्याच अंगावर नेसून दाखवतो, शर्ट-पँटवरून, निऱ्या-पदरासकट. बायका समोर गादीवर बसून हा रंग नको, तो दाखवा, असं म्हणत असतात. हे मीही दहा वेळा बघितलंय.

"तसा एक पन्नाशीतला माणूस धर," ती म्हणाली. "त्याच्या मुलीनं लग्न स्वतःच ठरवलंय. मुलाकडं सांगितलंय, आमच्या वडिलांचं चिकपेटला साडीचं दुकान हाय. दोन्ही घरांची अजून भेट नाही. आणि एक दिवस होणारी सासू तिला घेऊन खरेदीला निघते आणि नेमकी त्याच दुकानात शिरते."

"मग?"

"मग काय. मुलगी ओळख दाखवत नाही. बापाला एका नजरेत कळतं. तो साडी नेसतो, पदर सोडतो. ती म्हणते, रंग बरा नाही. दुसरी नेसतो. काठ बरा नाही. तिला कधी एकदा बाहेर पडू असं झालंय. तो मात्र एकामागून एक नेसतच राहतो, आणि दर वेळी म्हणतो, अक्का, ही बघा."

स्वतःच्या मुलीला तो अक्का म्हणतो. इथे कुठल्याही दुकानात शिरलं की अक्का म्हणतात, मला सात वर्षं रोज म्हणतात. माझ्या अंगावर काटा आला आणि त्याच्या पाठोपाठ राग आला. ही मला का नाही सुचली?

"ही मी लिहिणार," ती म्हणाली. "येत्या शनिवारपासून. वही पण आणलीय. लेखिकाबाई, सुरुवात कशी करायची, सांग की."

मला कुठून बुद्धी सुचली कोण जाणे, पण सुचायला क्षणही लागला नाही. मी म्हणाले, "लिहायची घाई नको करूस. आधी मला सगळी सांग. रोज थोडी थोडी, अगदी शेवटपर्यंत. बोलून बोलून गोष्ट पक्की होते, मग कागदावर आपोआप उतरते." इतक्या मायेने मी माझ्या सख्ख्या बहिणीशीही बोलत नाही.

"सरी," ती म्हणाली, म्हणजे बरं. तिचा विश्वास बसला.

मग मी सुरू केलं. रोज सकाळी गाडीत बसलं की पहिला प्रश्न माझा. मुलीने चपला बाहेर काढल्या की हातात घेतल्या? बापाच्या शर्टाचा रंग कुठला? सासू बोलते कशी? भांडं खरवडून काढतात तसं मी तिच्याकडून एकेक काढून घेत होते, तळाशी काही म्हणजे काही उरायला नको होतं. ती पण देत होती. तो पदर खांद्यावर घेतला की पोट आत ओढून उभा राहतो, असं ती म्हणाली. त्याच्या कॉलरला पिनांची रांग लावलेली असते, असं म्हणाली. एके दिवशी म्हणाली, सासूला हा माणूस आवडतो. ती विचारते, तुम्हाला मुली आहेत काय हो? तो पदराची घडी नीट करत म्हणतो, एक हाय. तिला कुठलाच रंग पसंत पडत नाही.

मी खिडकीकडे तोंड केलं. डोळे भरून आले होते, आणि मनात तिच्या नावाने बोटं मोडत होते. दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

शेवट सांगायला तिने बरेच दिवस लावले. मी रोज विचारायचे, ती म्हणायची, थांब की, येतोय. मग एका गुरुवारी तिने तो सांगितला. सासूला शेवटी बापाच्या अंगावर आहे तीच साडी पसंत पडते. तो ती सोडतो. घडी घालायची तर साडी लांबलचक, समोर धरणारं कुणीतरी लागतं. तो एक टोक धरतो आणि मुलगी नकळत उठून दुसरं टोक धरते. लहानपणापासून घरी दोघांनी घातलेली ती घडी. पुढे येऊन टोकं जुळवायची, मागे सरायचं, परत पुढे यायचं. दोघांचं एक पाऊल चुकत नाही. सासू बघत राहते.

"संपली," ती म्हणाली. "हलकं वाटायलंय बघ."

हलकं. हाच शब्द मला हवा होता. मी मनात म्हटलं, झालं, आता ही लिहीत नाही. त्या दिवशी घरी जाऊन मी शिरा केला. नवऱ्याने विचारलं, आज काय विशेष? म्हटलं, काही नाही, सहज.

आणि तसंच झालं. शनिवार गेला, पुढचा गेला, महिना गेला. तिने वहीचं नाव काढलं नाही आणि मीही विचारलं नाही. माझा नियम तिलाही लागू पडला होता. आता मला सुखाने लिहायला हरकत नव्हती, पण कसलं काय. कागद पुढे घेतला की तेच दुकान, तीच गादी, पदर घेऊन उभा तो माणूस. माझं स्वतःचं काही पुढे यायचंच नाही.

अडीच-तीन महिन्यांनी, एका संध्याकाळी परत येताना, गाडी पुलाखाली अडकून पडली होती. ती एकदम म्हणाली, "कुठवर आली?"

"काय?"

"साडीवाल्याची गोष्ट. लिहून झाली का नाही तुझी?"

"माझी?"

"अगं तूच सगळं विचारून घेतलीस की, शर्टाच्या रंगापासून. दुसऱ्या आठवड्यातच कळलं मला, हिला ही गोष्ट पाहिजे आणि मागायची लाज वाटतेय. म्हटलं जाऊ दे. हिला लिहिता येतंय, मला नुसतं बोलता येतंय. वही भाचीला देऊन टाकली. शेवट तर खास तुझ्यासाठी केला. तीन रविवार डोकं फोडत बसले होते त्यापायी."

म्हणजे सांगून टाकल्याने तिची गोष्ट विझलीच नव्हती. माझा नियम माझ्यापुरताच होता. तिने ती उचलून मला देऊन टाकली होती. आणि जिला सगळं फुकट मिळतं म्हणून मी जळत होते, ती पण माझ्यासारखीच रविवार घालवत होती, आणि तेही माझ्यासाठी.

खरं सांगायचं तर त्या क्षणीही माझ्या डोक्यात पहिलं वाक्य तयार झालं. "लिहितेय हळूहळू" एवढं म्हटलं असतं की गोष्ट माझी. आयत्या बिळावर नागोबा होऊन बसायचं, कुणाला कळणार होतं? ती तर उलट खूश झाली असती. छापून आल्यावर दहा जणांना दाखवली असती.

मी म्हणाले, "मी नाही लिहीत. ती तुझी आहे, तूच लिही."

"मग रोज मग-मग करत का बसलीस?"

आवडली म्हणून, असं म्हणता आलं असतं. ते खोटंही नव्हतं. पण मग ती म्हणाली असती, आवडली ना, मग घे, लिही. ती काही केल्या लिहायला बसली नसती. मला ते दिसत होतं.

"तू लिहू नयेस म्हणून," मी म्हणाले. "सगळी सांगून टाकली की लिहावंसं वाटत नाही, हे मला माहीत होतं. तुला मुद्दाम उलटं शिकवलं. मला तुझा हेवा वाटतो. पहिल्या दिवसापासून वाटतो."

बाहेरच्या माणसांकडे बघायची तसं तिने माझ्याकडे बघितलं, बराच वेळ. मला वाटलं, शिव्या घालेल. घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"आणि मी घरी सांगायची," ती म्हणाली, "की इतकं मन लावून माझं कुणी कधी ऐकलंच नाही."

हेब्बाळ येईपर्यंत आम्ही दोघी पुढे बघत बसलो.

दुसऱ्या दिवशी ती पुढे, ड्रायव्हरशेजारी बसली. मागे गाडी लागते म्हणाली. तेव्हापासून ती तिथेच बसते. दिसली की हसते, जेवलीस काय विचारते, वाईट असं काही वागत नाही. आता सिग्नलला ती बाहेर बघत नाही. मान खाली घालून फोनवर लिहीत असते, मराठीत, दोन्ही अंगठ्यांनी, भराभर. मला मागून अक्षरं दिसतात, वाचता येत नाहीत. ती लिहितेय हे बरं झालं, असं मी स्वतःला रोज सांगते. तरी पोटात दुखायचं ते दुखतंच.

मागच्या आठवड्यात ड्रायव्हरने तिला विचारलं, रोज एवढं काय लिहिता म्हणून. तेवढं माझ्या कन्नडमध्ये कळलं. तिने फोन मांडीवर ठेवला आणि त्याला गोष्ट सांगायला लागली. मला मधून फक्त सीरे, म्हणजे साडी, आणि अक्का ऐकू येत होतं. सात वर्षांत दुकानापुरतंच कन्नड शिकले मी. त्याने रेडिओ बंद केला. सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवायला लागले, तरी तो तिच्याकडेच बघत होता, आणि मग मान मागे टाकून जोरात हसला. तीही हसली. मला सांगितली तेव्हा त्या गोष्टीत हसण्यासारखं काही नव्हतं.