देशाच्या नावाचा शोध आणि सोनकुसरे सर

आदरणीय सोनकुसरे सरांची आणि माझी ओळख नागपूरच्या महाविद्यालयात, इतिहासाच्या वर्गात झाली. पहिल्याच तासाला त्यांनी विचारलं, "आपल्या देशाचं नाव कोणी ठेवलं?" कुणाचाच हात वर गेला नाही. उमरेडच्या विणकराच्या घरातले सर समजावताना घरच्या बोलीत उतरत. "नदी आपली सिंधू. इराण्यायच्या तोंडी स चा ह झाला, म्हणून हिंदू. ग्रीकायनं तो ह बी सोडला, तिथून इंडिया आलं. अन् भारत आलं जुन्या भरत लोकायवरून."

या एका विषयाला त्यांनी उमेदीची सारी वर्षं दिली. त्यासाठी ते फारसी शिकले, नंतर ग्रीक लिपीही.

वडील गेल्यावर मी शिक्षण सोडून हिंगण्याच्या कारखान्यात लागलो. एका दुपारी शिफ्ट सुटली तेव्हा सर फाटकाशी उभे होते, हातात माझा परीक्षेचा अर्ज. "सही कर गा. बाकी मी पाहतो," म्हणाले. पुढे वर्षभर दर रविवारी त्यांनी मला नंदनवन भागातल्या आपल्या घरी शिकवलं. आज मी शिक्षक आहे, तो त्या सहीमुळे.

आता जे सांगायचं ते सरांच्या पंच्याहत्तरीच्या या गौरवग्रंथात शोभणारं नाही. संपादकांनीही 'तो प्रसंग टाळावा' असं सुचवलं आहे.

दोन वर्षांपूर्वी आमच्या इतिहास मंडळाने देशाच्या नावावर सरांचं व्याख्यान ठेवलं. सचिव मी होतो. सर म्हणाले, भारत आणि इंडिया, दोन्ही नावं आपलीच आहेत. मागच्या रांगेतून एक गृहस्थ उठले.

"परक्यायचं नाव तुमी आपलं काहून म्हणून राहिले?"

"सिंधू आपलीच आहे ना भाऊ? शेजाऱ्यायनं त्यायच्या परीनं तिचं नाव घेतलं, एवढंच," सर शांतपणे म्हणाले.

गोंधळ झाला. कुणीतरी माईक बंद केला. सर दहा मिनिटं तसेच उभे राहिले, हातातली टिपणं सावरत. मी पहिल्या रांगेत होतो. मी उठलो नाही.

दुसऱ्या दिवशी त्या गृहस्थांच्या गटाकडून लेखी माफीची मागणी आली. मंडळ घाबरलं, मीही घाबरलो. माफीपत्राचा मसुदा मीच लिहिला आणि घेऊन गेलो. सरांनी चष्मा लावून तो वाचला, 'दिलगिरी'तला चुकलेला गी ऱ्हस्व केला आणि सही केली.

"सर, तुम्हाले पटते का हे?"

"नाही पटत. पण तुले नोकरी आहे, लेकरं आहेत," ते म्हणाले.

त्यानंतर सर कुठेही बोलले नाहीत. प्रकाशकाने त्यांच्या याच विषयावरच्या पुस्तकाचं हस्तलिखित परत पाठवलं. ते त्यांनी अजून उघडलेलं नाही. नवीन कुणी विद्यार्थी हा विषय घेत नाही. गेल्या आठवड्यात मी विचारलं, "पुस्तक दुसरीकडे देऊ का?" ते म्हणाले, "कोण वाचते गा आता? सगळ्यायले उत्तर आधीच पाठ आहे." सर पुन्हा बोलायला उभे राहतील, असं मला आता वाटत नाही.

तरीही पंच्याहत्तराव्या वर्षी सरांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, ही मनापासूनची इच्छा. त्यात माझा स्वार्थ आहे. त्यांच्या नावाने मी माफी लिहिली. माझी स्वतःची, त्यांच्यासमोर बसून, अजून मागायची राहिली आहे.