झाडावरून मारलेल्या हाका

सुंदरीमामी आमच्या घरमालकीण. अंबत्तूरला त्यांच्या घराच्या माडीवर आम्ही भाड्यानं राहतो. ह्यांची बदली इकडच्या कारखान्यात झाली तेव्हा मला तमिळचं अक्षर येत नव्हतं. सामान चढवताना खालून आवाज आला, "मराठी काय हो तुम्ही? अमचंही तेच!" तंजावरकडची मराठी ती. जुन्या पोथीतल्यासारखी, मधेच तमिळ आणि सूरही तमिळचाच. पहिले काही दिवस मला हसू यायचं. पुढं इतकी सवय झाली की माहेरी गेले तरी तो सूर आठवायचा.

मामी मडीच्या. मडी म्हणजे आपलं सोवळं. सकाळी न्हाऊन, उंच दांडीवर वाळत टाकलेलं नऊवारी काठीनं ओढून नेसायच्या आणि देवपूजा-स्वयंपाक उरकेपर्यंत कुणाला शिवायच्या नाहीत. मांजर, दूधवाला, मी, सगळे एका रांगेत. "सुनेत्रा, लांबून ग, लांबून!" त्यांची पावलं वाजली की मी आपोआप भिंतीला चिकटायची. त्यात मला कधी अपमान वाटला नाही. लग्न होऊन आल्या दिवशी त्यांना सासूनं शिकवलं, ते अंगात भिनलं.

त्यांना एकच लेक, रम्या. हॉटेलचं शिक्षण घेताना तिची बिजू नावाच्या मलयाळी मुलाशी ओळख झाली आणि २००४ साली दोघांनी परस्पर लग्न केलं. राघोत्तमराव, म्हणजे मामींचे यजमान, गिंडीच्या एका छोट्या कारखान्यात हिशेबनीस होते. मवाळ माणूस. लेकीला सायकल शिकवताना तिच्यामागं धावून धावून पायाला फोड आले होते म्हणे. त्याच माणसानं लग्नाची बातमी आली तशी परसातल्या विहिरीवर जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं. लेकीच्या नावानं आंघोळ. म्हणजे ती गेली.

तेवढ्यावर राहतं तरी मामींनी सोसलं असतं. पण पितृपक्षात तर्पण करताना गेलेल्या सगळ्यांची नावं घेतात. आई-वडील, आजे-पणजे, आणि लेक गेली असेल तर लेकसुद्धा. लग्नाच्या पुढच्या वर्षी पक्षात रावांनी तीळपाणी सोडताना रम्याचं नाव घेतलं. मामी तेव्हा चुलीपाशी श्राद्धाचे वडे तळत होत्या. त्याच महिन्यात रम्याचं पोट पडलं. रम्याची मैत्रीण निधी मधूनमधून मामींना भेटायला यायची, तिनं दबकत सांगितलं.

"जित्या जीवाच्या नावें तीळ सोडले, सुनेत्रा," मामी मला म्हणाल्या, "आणि वडे तळले मी. माझ्या हातानं."

मी म्हटलं, "मामी, असं काही नसतं हो." पण देवाधर्माचं मीही मानते. माझ्याच बोलण्यात जोर नव्हता, तो त्यांना कुठून वाटणार?

दुसऱ्या वर्षी, २००६च्या पावसाळ्यात, निधी पुन्हा आली. रम्याला सातवा लागला होता. वायनाडच्या जंगलात झाडांवर बांधलेलं एक हॉटेल आहे, तिथं ती आणि बिजू कामाला होते. मामींनी पंचांग काढलं. पितृपक्ष पुढच्या महिन्यात. त्या तशाच जमिनीवर बसल्या.

रावांपुढं त्या हात जोडून, रडून, उपास करून थकल्या होत्या. राव एकच विचारायचे, "कोण रम्या?" तेव्हा मामींनी मनाशी एक धरलं. रम्यानं फक्त फोन करावा. "अप्पा, मी रम्या," एवढं म्हणावं. तो आवाज कानात पडल्यावर ह्यांचा हात तिळाकडं जाणार नाही. पण निधीनं अंबत्तूरचं नाव काढलं की रम्या फोन ठेवायची. मग गाठायची कशी? त्या हॉटेलची जीप बुकिंग असलेल्या पाहुण्यांनाच रस्त्यावरून आत नेते, बाकी कुणाला नाही.

माझा मंदार तेव्हा कॉम्प्युटरच्या कंपनीत लागला होता. तो म्हणाला, "आई, तुम्ही पाहुण्याच व्हा ना!" माझ्या वाढदिवसाची भेट म्हणून त्यानं दोन रात्रींचं बुकिंग करून टाकलं. रावांना आम्ही गुरुवायूर सांगितलं. मामींनी घरातूनच तिथल्या कृष्णाला हात जोडले आणि म्हणाल्या, "येईन रे पुढं कधी तरी. खोटं पाडू नकोस मजला."

कालिकतपर्यंत रेल्वे, तिथून घाटानं वर गाडी, मग ती जीप. जीपचाही रस्ता संपला तिथून पाऊलवाट. झाडं एवढी दाट की भर दुपारी दिवेलागणीची वेळ वाटावी. पाऊस थांबला तरी पानांवरचा पाऊस थांबत नव्हता. मामींच्या पायाला जळवा चिकटल्या, त्यांनी पाहिलंही नाही. प्रत्येक बाईच्या तोंडाकडं बघत चालल्या होत्या.

आमची खोली एका आडव्यातिडव्या प्रचंड झाडावर, सहा मजली घराएवढी उंच. वर न्यायला वेताचा पिंजरा. दोराच्या दुसऱ्या टोकाच्या पिंपात पाणी भरलं की पिंप खाली आणि पिंजरा वर. मी रामरक्षा म्हणत डोळे मिटून घेतले. मामींनी विचारलं, "वरून सगळीकडचं दिसतें काय?"

"दिसतं, अम्मा," पाणी भरणारा माणूस म्हणाला.

"मग चढव लवकर."

वर बांबूची खोली, पलंग, मच्छरदाणी, मागं न्हाणीघरसुद्धा. खोलीच्या मधून झाडाची फांदी गेलेली. वाऱ्यानं सगळं हळूहळू डोलायचं. लोक हौसेनं येतात तिथं. आम्ही दोघी कठड्याला धरून उभ्या राहिलो ते खालची माणसं शोधत.

जेवण घेऊन बिजूच आला. उंच, सावळा, लाजरा पोरगा, शर्टावर नावाची पट्टी. मामींनी हॉटेलचं शिजवलेलं खाल्लं नसतंच, सोबत पोहे आणले होते. त्यांनी त्याला निरखून बघितलं आणि तमिळमध्ये म्हणाल्या, "मी सुंदरी. तुझ्या बायकोची आई."

त्यानं हातातलं ताट खाली ठेवलं. "माहीत आहे. नाव वाचूनच ओळखलं तिनं. म्हणून मी आलो. डॉक्टरांनी तिला चढउतार करू नको म्हटलंय."

"मी उतरतें. अत्ताच उतरतें."

बिजू मान खाली घालून उभा. मग पाठ केलेलं बोलावं तसा बोलला. "ती म्हणते, मेलेली माणसं पाहुण्यांना भेटत नाहीत."

मामींनी कठडा धरला. मी म्हटलं, "बाबा रे, फक्त एक फोन. तिच्या वडिलांना. तिच्याच पोराच्या जिवासाठी."

"मी सांगून बघतो, आंटी. पण ती ऐकत नाही माझं."

"अमचंही कुठं ऐकलं?" मामी म्हणाल्या. तेवढ्यातही त्या किंचित हसल्या, आणि लगेच तोंडाला पदर लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून वारं सुटलं. पिंजरा बंद. जेवण दोराला बांधून टोपलीतून वर आलं. आमचं झाड असं हलत होतं की पलंगावर बसलं तरी फांदीला धरून बसावं लागायचं. कठड्यावरून ओढ्यापलीकडं कामगारांच्या खोल्यांची पत्र्याची छपरं दिसत. दुपारी त्यातल्या एका दारात ती आली. मोठं पोट, एक हात कमरेवर. छपराखाली वाळत टाकलेले कपडे काढायला लागली.

"रम्या!" मामींनी हाक मारली. "रम्याऽ! अग बाळें!"

पाऊस, ओढा, रानकिडे. आवाज पाच-दहा हातांवरच बुडाला. मामी कठड्यावर ओणवल्या, मी त्यांची कंबर धरली. "रम्याऽ, अम्मा आलीय ग! तोंड तरी वर कर!" गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या. मीही ओरडले. खाली ती एकेक कपडा काढत होती. मग थांबली. वर बघितलं की नाही कोण जाणे, एवढ्या लांबून कळेना. आत गेली आणि दार लावलं.

मामी हाका मारतच राहिल्या. आवाज फुटला, घोगरा झाला, नुसती हवा यायला लागली तरी. मी त्यांना ओढून आत आणलं तेव्हा त्या नखशिखान्त भिजल्या होत्या. म्हणाल्या, "इतक्या उंचावर देव असतो म्हणतात ना ग? त्याला तरी गेलं असेल ऐकू."

मी रामाचं नाव मनातल्या मनात घेत होते, आणि खरं सांगायचं तर त्याच्यावर चिडलेही होते.

निघायच्या दिवशी सकाळी वारं पडलं. पिंजरा आला, त्यात बिजू. "ती भेटते म्हणाली. खाली, दारात. पाच मिनिटं."

मामींच्या अंगात काय बळ आलं! गार पाण्यानं न्हाल्या. पिशवीतून मडीचं नऊवारी काढलं, कोरं ठेवलेलं. कुंकवाची कुयरी, नारळ, तांदूळ, खण. "सातवा आहे. ओटी भरतें. शुद्ध अंगानं भरावी, म्हणजे फळेल. आणि फोनचं मग बोलतें." पिंजऱ्यात मी आपोआप एका कोपऱ्यात दबून उभी राहिले, त्यांना शिवू नये म्हणून.

रम्या दारात उभी होती. डोळे सुजलेले. रात्रभर रडली असावी. मामींना बघून तिचं तोंड लहान मुलीसारखं वाकडं झालं. "अम्मा," म्हणाली आणि दोन्ही हात पुढं करून आली.

आणि मामी मागं सरल्या. हात वर गेला, तळवा पुढं. "शिवू नको, मडी!"

शब्द तोंडातून गेला आणि त्यांनाच कळलं. मी बघितलं ना त्यांचा चेहरा. पस्तीस वर्षं तो हात तसाच वर जात आला होता, त्याला कुणी विचारलं नव्हतं.

रम्याचे हात तसेच राहिले हवेत. मग तिनं ते खाली घेतले. "बरोबर आहे," ती म्हणाली. "मेलेल्याला कोण शिवतं?"

"नाही ग, बाळें, तसं नव्हे! हे बघ, शिवतें, ये!" नारळ चिखलात पडला, तांदूळ सांडले. मामी धावल्या. दार लागलं होतं. त्यांनी दोन्ही हातांनी दार बडवलं. "उघड ग! सोडतें मडी! सगळं सोडतें!"

बिजू बाहेरून विनवण्या करून थकला. जीपवाला हॉर्न वाजवायला लागला. मामी त्या पायरीवर बसल्या, नऊवारी चिखलानं माखलेलं.

"मामी, चला. गाडी चुकेल."

"तू जा. मी येत नाही."

"अहो, राव काय म्हणतील?"

"त्यांना सांग, लेक जिती आहे आणि सात महिन्यांची आहे. सांग, यंदा पक्षाचा स्वयंपाक मी करीत नाही. ज्या पानात तिचा घास वाढतात तें पान मी वाढीत नाही." मग माझा पदर धरला. त्या मडीतल्या हातांनीच. "आणि सुनेत्रा, त्या दिवशी मागच्या गॅलरीत उभी राहा. ऐक, नाव घेतात काय. मजला खरं सांग."

जीप वळली तेव्हा मी मागं बघितलं. दार बंदच होतं. मामी त्या बंद दारासमोर बसलेल्या.

अंबत्तूरला येऊन रावांना मी सगळं सांगितलं, गुरुवायूरच्या थापेसकट. ते आरामखुर्चीत बसले होते. म्हणाले, "सात महिने?" मला वाटलं, सुटलं. पण ते उठले, उपरणं झटकलं आणि देवघरात गेले.

हॉटेलच्या ऑफिसातून मामींचे फोन यायचे. मी निघाले त्या संध्याकाळी पाऊस वाढला तेव्हा रम्यानं दार उघडलं होतं. पण रम्या बोलत नव्हती. मामी शिजवायच्या, ती गुपचूप जेवायची आणि भिंतीकडं तोंड करून निजायची. फोन करायचं नाव काढलं की उठून जायची. "जेवते ना," मामी म्हणायच्या, "तेवढं तरी."

महालयाच्या दिवशी रावांनी स्वयंपाकाला एक आचारी बोलावला. मी गॅलरीत उभी राहिले. विहिरीपाशी ते दर्भ घेऊन बसले. वडील, आजे, पणजे झाले. आई झाली. काका, मामा झाले. मग थांबले. आचारी वाकून बघायला लागला, इतका वेळ थांबले. मी गॅलरीचा गज धरला, पांडुरंगा, पांडुरंगा म्हणत.

आवाज फाटला त्यांचा. तरी घेतलं. रम्याचं नाव घेतलं आणि तीळपाणी सोडलं.

संध्याकाळी फोन वाजला. "सुनेत्रा?" मामींचा श्वास ऐकू येत होता.

खोटं सांगायला जीभ वळेना. त्यांनी खरं मागितलं होतं. "घेतलं, मामी."

पलीकडं पाऊस वाजत होता. मग मागून, जरा लांबून, कुणी तरी विचारलं. बाईमाणसाचा आवाज, चिडल्यासारखा, घाबरल्यासारखा. "अम्मा, काय म्हणतात?"

"काही नाही," मामी तिला म्हणाल्या. "आपण दोघी मेलो म्हणतात. तू इकडं ये आधी, माझ्याजवळ. ये ग."

मग मला म्हणाल्या, "ठेवतें हो, सुनेत्रा. कळा यायला लागल्यात तिला, म्हणून इथं ऑफिसात आणलंय. दिवस भरले नाहीत अजून. बिजू जीप आणायला धावलाय. प्रार्थना कर."

फोन ठेवला त्यांनी. खाली परसात राव श्राद्धाचं पान घेऊन कावळ्याची वाट बघत उभे होते. सकाळपासून कावळा आला नव्हता. मी पायांत चप्पलही न घालता जिना उतरले.

"राव," मी म्हटलं, "ते पान ठेवा खाली. रम्याला कळा सुटल्यात."

ह्या वेळी त्यांनी "कोण रम्या" विचारलं नाही. पान हातातच होतं. विचारलं, "कुठल्या दवाखान्यात?"

तेवढंच मला माहीत नव्हतं.