सतरा नंबरचे तीन बिल्ले

शरच्चंद्र वैशंपायनला माणसं कागदावर फार छान सांभाळता येत. प्रत्यक्षात त्याला धड कुणाशी बोलायलाही जमत नसे, पण कागदावर त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. वाईत वाढलेला, सांगलीत डिप्लोमा केलेला, अक्षर मोत्याच्या दाण्यासारखं. वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, दुष्काळ सरून गेल्यावर, तो कृष्णाकाठच्या एका उपसा योजनेवर कामाचं वेळापत्रक आखायला लागला.

काम मोठं होतं. नदीच्या काठाला विहीर आणि पंपघर. तिथून टेकडी चढत जाणारी दीड मैलाची लोखंडी पाइपलाइन, माणूस रांगत आत शिरेल एवढी रुंद. आणि माथ्यावर एक दगडी कुंड. पाणी तिथं पडणार आणि पाटांनी उसाच्या रानांत जाणार. तीन ठिकाणी तीन मुकादम, तिघांचीही घाई, आणि तिघांना मिळून सांधे जोडणारा चांगला वेल्डर एकच. गुंडा.

गुंडा खटावकडचा. चौदा वर्षं फौजेत रणगाडे दुरुस्त करून आलेला. बोलायला कमी, कामाला वाघ. एखादा सांधा मनासारखा जमला नाही की पुन्हा तोडून करायचा आणि मुकादमाच्या शिव्या शांतपणे ऐकून घ्यायचा.

शरच्चंद्रानं पत्र्याच्या खोलीत भिंतभर तक्ता लावला होता. प्रत्येक कामाची रंगीत कागदाची पट्टी, वर तारखा, आणि पट्टीवर कुठला माणूस शेकडा किती. गुंडाच्या वाट्याला तांबड्या पट्ट्या तीन आल्या, एकीखाली एक. आठवडाभर खाडाखोड करून त्यानं गणित जमवलं: विहिरीवर पन्नास, लाइनीवर पंचवीस, कुंडावर पंचवीस. बेरीज बरोबर शंभर. त्या रात्री त्याला समाधानाची झोप लागली. दुसऱ्या दिवसापासून मजूर त्याला पाठीमागं ‘पट्टीसाहेब’ म्हणू लागले आणि मुकादम एकमेकांना विचारू लागले, “आज पाव गुंडा कुणाकडं हाय गड्या?”

हसायचं तेवढं हसले, पण संध्याकाळी भांडणं ठरलेली. कामावर एक रीत होती. हरेक माणसाला नंबराचा पितळी बिल्ला. सकाळी जिथं काम, तिथल्या फळीवरच्या खिळ्याला तो अडकवायचा, तीच हजेरी. आणि कुंडावरच्या फळीला आणखी एक नियम होता: तिथं एक जरी बिल्ला लोंबत असला, तरी पाइपलाइनच्या नळात पाणी सोडायचं नाही, कारण आत शिरणारा माणूस कुंडाच्या तोंडानंच शिरायचा. हा नियम गुंडानंच फौजेतून आणला होता. फळी त्यानंच रंगवली होती आणि खिळेही स्वतःच ठोकले होते.

आता गुंडाचा सतरा नंबरचा बिल्ला एक आणि ठिकाणं तीन. बिल्ला विहिरीवर असला की लाइनीवर आणि कुंडावर त्याची गैरहजेरी लागे आणि शरच्चंद्राच्या देखण्या तक्त्याला रोज दोन भोकं पडत. सोसायटीचे चेअरमन लालासाहेब येऊन विचारत, “वेल्डर गेला कुटं?” शरच्चंद्रानं तोडगा काढला. सांगलीला जाऊन सतरा नंबरचे आणखी दोन बिल्ले ठोकून आणले.

गुंडानं ते हातात घेऊन उलटेपालटे केले.

“साहेब, मी येकटाच हाय. बिल्लं तीन कशाला?”

“हजेरीसाठी. तू कुठंही असलास तरी तिन्हीकडं हजर. तुझाच फायदा.”

“फायदा नगं. एका टायमाला एक काम द्या. हितलं संपलं की तितलं. आवं, ह्या येरझाऱ्यांत माजी निम्मी ताकद चालन्यातच जाती. तिन्हीकडं हाय म्हनता, पर मी कुटंच नसतो.”

“तक्त्यात बसत नाही तसं,” शरच्चंद्र म्हणाला. तो हसलाही. गुंडा हसला नाही.

चालायला लागणारा वेळ तक्त्यात कुठंच नव्हता. विहिरीपासून कुंडापर्यंत चढायला चाळीस मिनिटं लागत, आणि गुंडा दिवसातून दोनदा चढत होता. आठवड्याभरात त्याच्या चपलांचे अंगठे गेले. महिनाभरात तो जेवणही चालता चालता उरकू लागला. बिल्ले मात्र आरामात होते. मुकादमांनी ते सकाळी अडकवायचं, संध्याकाळी काढायचं सोडूनच दिलं. कायमचे लोंबत ठेवले. तीन तिगाडा, काम बिगाडा, ही म्हण मजुरांतल्या पोराटोरांनाही पाठ होती. डिप्लोमावाल्याला नव्हती.

मे महिन्यात पंपाची पहिली चाचणी ठरली. कुंडावर राखणीला केरबा होता, साठीतला साधा माणूस. सगळं ठीक असलं तर त्यानं पांढरं फडकं हलवायचं, नाहीतर तांबडं. खाली सगळे तयार, आणि वर तांबडं हलू लागलं. माणूस पळवला तेव्हा कळलं की फळीवर सतरा नंबर लोंबत होता. गुंडा तर खाली, शरच्चंद्राच्या शेजारीच उभा होता. तोवर विजेची वेळ संपली. चाचणी हुकली, लालासाहेबांनी चारचौघांत शरच्चंद्राची खरडपट्टी काढली, आणि तो तसाच टेकडी चढून केरबापुढं उभा राहिला.

“सतरा नंबर मोजायचा नाही. तो कायम असतोच. बाकीचे बघ.”

“बरं साहेब,” केरबा म्हणाला.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा चाचणी ठरली, शुक्रवारी. बुधवारी तिन्हीसांजेला निरोप आला की वीज गुरुवारीच मिळणार आहे. शरच्चंद्रानं चाचणीची पिवळी पट्टी एक घर मागं सरकवली, मुकादमांना चिठ्ठ्या धाडल्या आणि तक्त्यापुढं उभं राहून सगळं तपासलं. गुंडाच्या तिन्ही पट्ट्या जागच्या जागी होत्या. गुरुवारचे पंचवीस टक्के कुंडावर होते, पण ते पंचवीस टक्के किती वाजता, हे कुठं लिहिलेलं नव्हतं. आणि गुंडा तिघांचा असल्यामुळं चिठ्ठी त्याला कुणीच दिली नाही. प्रत्येक मुकादमाला वाटलं, दुसऱ्यानं सांगितलं असेल.

गुरुवारी सकाळी सातला गुंडा कुंडावर गेला. शुक्रवारच्या चाचणीआधी आतल्या एका सांध्याची त्याला शंका होती. केरबा तेव्हा ओढ्याला गेला होता. गुंडानं फळीकडं बघितलं असेल, आपला बिल्ला आहेच म्हणून निश्चिंत झाला असेल, आणि तारेचा ब्रश आणि बॅटरी घेऊन नळात उतरला असेल. हे सगळं नंतर जुळवलेलं. त्या वेळी बघणारं कुणी नव्हतं.

नऊ वाजता शरच्चंद्र पंपघराशी उभा होता. सहज त्यानं विचारलं, “गुंडा कुठाय?”

“लाइनीवर असंल,” मुकादम म्हणाला.

शरच्चंद्रानं विहिरीवरच्या फळीकडं नजर टाकली. सतरा नंबर तिथं लोंबत होता. म्हणजे इथंच कुठंतरी असणार, असं त्याच्या मनानं घेतलं. आपणच करून आणलेल्या पितळेच्या तुकड्यावर त्यानं विश्वास ठेवला.

वर पांढरं फडकं हललं. लालासाहेबांनी नारळ फोडला. पंप घुमू लागला, नळ थरथरला, आणि माणसांनी टाळ्या वाजवल्या.

पाव तासानं टेकडीवरून केरबा पळत येताना दिसला. त्याच्या हातात कुठलंच फडकं नव्हतं. तो ओरडत होता, पण शब्द फुटत नव्हते. पंप बंद करून सगळे वर धावले. कुंडात गंजानं तांबडं झालेलं पाणी साचलं होतं. आधी ब्रश आला होता, मग गुंडा. नखं फुटली होती. चढाच्या बाजूला, तोंडाकडं, तो बराच रांगला असावा. शरच्चंद्र कुंडाच्या काठावर खाली बसला.

चौकशी पत्र्याच्या खोलीतच झाली, तक्त्यासमोर. बाहेरून आलेल्या साहेबांनी केरबाला विचारलं, बिल्ला दिसत असताना फडकं का हलवलं?

“ह्या साहेबांनीच सांगितलं व्हतं, सतरा मोजायचा न्हाई म्हनून.” केरबानं शरच्चंद्राकडं बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. खरं ते हा सांगेल, एवढंच त्याला वाटत होतं.

“असं काही सांगितलं होतं?”

टेकडी, ऊन, केरबाचं ‘बरं साहेब’, शरच्चंद्राला सगळं लख्ख आठवत होतं.

“आठवत नाही,” तो म्हणाला.

साहेबांनी तक्त्यावरच्या तांबड्या पट्ट्यांवरून बोट फिरवलं. पन्नास, पंचवीस, पंचवीस. बेरीज बरोबर आहे, असा शेरा त्यांनी लिहिला. ठपका केरबावर आला. तो त्याच संध्याकाळी घोंगडं खांद्यावर टाकून गेला. जाताना त्यानं शरच्चंद्राला रामराम केला, आणि त्या रामरामानं शरच्चंद्राला आतून सोलून काढलं. लबाड माणसालाही लाज असते. ती उशिरा येते एवढंच.

गुंडाचं सामान पोचवायला लालासाहेबांनी त्यालाच खटावला धाडलं. दोन सदरे, फौजेची ट्रंक, आणि कागदात बांधलेले तीन बिल्ले. गुंडाची बायको शालूबाई ओसरीवर बसली होती. तिनं त्याला पाणी दिलं. मग म्हणाली, “त्यो केरबा म्हनं. डोळं असून आंधळा. तेच्या घरादाराचं वाटुळं हुईल.”

हीच वेळ होती सांगायची. घोटभर पाणी पिऊन शरच्चंद्रानं तांब्या खाली ठेवला.

शालूबाईनं कागद सोडला. तिन्ही बिल्ले तळहातावर मांडले.

“ह्यातला त्यांचा खरा कुटला? लावून फिरायचे त्यो?”

वर्षभर ऊनपावसात लोंबून तिन्ही सारखेच काळवंडले होते. शरच्चंद्राला ओळखता येईना. ती वाट बघत होती. त्यानं मधल्यावर बोट ठेवलं.

“हा,” तो म्हणाला.

तिनं तो पदराच्या टोकाला घट्ट बांधला आणि उरलेले दोन त्याच्या हातात परत दिले.

“हे न्या साहेब. दुसऱ्या कुनाला तरी कामाला लागतील.”