किराळ, मुक्काम पोस्ट पाचोड

आमच्या लॅबमध्ये उणे ऐंशी डिग्रीचा एक फ्रीजर आहे. त्याच्या तळाशी काही ट्यूबा पडून आहेत. लेबल पुसलंय, ठेवणारा कधीच परदेशात नोकरीला लागलाय, तरी टाकून द्यायची कुणाची छाती होत नाही. किश्शांचंही तसंच झालंय बघा. दरवर्षी चार-दोन साठतात, टाकवत एकही नाही. परवा चहाला बसल्यावर पोरं म्हणाली, मामा, काढा की बाहेर. म्हणून काढतोय.

मी या लॅबचा असिस्टंट, सव्वीस वर्षं झाली. ज्वारी तहानली की तिच्या पानात, मुळात आणि पार जीन्सपर्यंत काय काय घडतं, ते इथं शोधतात. शोधतात मॅडम आणि त्यांचे विद्यार्थी. काचसामान मी धुतो. पण मी धुतलेल्या काचेशिवाय इथून एकही पेपर बाहेर गेलेला नाही, हेही ध्यानात असू द्या. सगळे मला मामा म्हणतात. म्हणतात फक्त, बनवत नाहीत. दोघांनी बनवायचा प्रयत्न केला होता. ते अजूनही हातमोज्याशिवाय ट्यूब उचलायच्या आधी दाराकडं बघून घेतात.

* * *

लॅबमध्ये डीएनएचं काम चालतं, हे मी एकदा साडूकडं वैजापूरला बोलून बसलो. झालं! महिन्याभरात त्याच्या गल्लीतले दोन चुलतभाऊ दारात हजर. हातात प्लास्टिकच्या तीन पिशव्या, प्रत्येक पिशवीत आंब्याची पानं.

भानगड अशी, की दोघांच्या बांधावर आंब्याचं एक झाड आपोआप उगवलेलं. इतकी वर्षं कुणी विचारलं नाही, पण फळ धरल्यावर दोघांचं प्रेम उतू गेलं. थोरला म्हणे, माझ्या आंब्याची कोय पडून उगवलं. धाकटा म्हणे, माझ्या. बोलणं कोर्टापर्यंत गेलेलं. टीव्हीवर दाखवतात तसा या झाडाचा बाप काढून द्या, एवढंच त्यांचं म्हणणं.

दुसरं कुणी असतं तर हाकलून दिलं असतं. आमच्या मॅडमनी दोघांना खुर्च्या दिल्या, चहा दिला आणि कागदावर मोहोराचं चित्र काढून समजावलं. कोय ज्या झाडाची ते झाड आई. पराग दुसऱ्याच झाडाचा असू शकतो, तो बाप. तपासलं आणि आई तुमच्या शेतातली निघाली, बाप यांच्या, तर काय कराल?

दोघांनी तो कागद आपल्याकडं ओढला. मग थोरला धाकट्याला म्हणाला, "म्हंजी आपुन व्याही झालो की रं."

तपासणी काही झाली नाही. त्या झाडाचे आंबे मात्र आम्ही दर उन्हाळ्यात खातो. पेटी दोघांच्या नावानं येते.

* * *

आता उज्ज्वलाचं सांगतो. उज्ज्वला पाचोडची. घरात मेंढरं, थोडीशी कोरडवाहू जमीन, आणि शिकलेलं तिच्याआधी कुणीच नाही. पीएचडीच्या मुलाखतीला आली तेव्हा मी पाणी द्यायला आत होतो.

मॅडमनी इंग्रजीत विचारलं, ज्वारीतल्या सायनोजेनिक ग्लुकोसाइडबद्दल काय वाचलंय? पोरीनं तो शब्द ओठांत पुटपुटून पाहिला. चेहरा पडला. मग मॅडमनी मराठीत विचारलं, की पावसानं ओढ दिली, ज्वारीची वाढ खुंटली, की कोवळ्या पानात एक द्रव्य वाढतं, आणि जनावरानं ते पान चावलं की...

"मॅडम, किराळ!" ती जवळजवळ ओरडलीच. "किराळ लागतं. पोट फुगतं, तोंडाला फेस येतो, आन् बघता बघता जनावर पडतं."

मॅडम तिच्या दीडपट वयाच्या. या विषयात नाव असलेल्या. त्यांना तो शब्द माहीत नव्हता. त्यांनी उठून तो फळ्यावर लिहिला, खाली तारीख टाकली. तो आजही पुसायचा नाही असा हुकूम आहे.

तेव्हापासून उज्ज्वलाच्या प्रत्येक डब्यावर "किराळ १", "किराळ २" अशी लेबलं लागली. पहिला पेपर बाहेर पाठवताना घाईत एका आलेखावर ते लेबल तसंच राहून गेलं, इंग्रजी अक्षरांत. तिकडच्या परीक्षकानं प्रामाणिकपणे विचारलं, की 'किराळ' हा जीन आम्हाला परिचित नाही, कृपया त्याचा नोंदणी क्रमांक कळवावा.

उज्ज्वला म्हणाली, "कळवा की मॅडम. मुक्काम पोस्ट पाचोड, तालुका पैठण."

पेपर छापून आला. मी त्याची झेरॉक्स घरी लावलीय, देवाच्या शेजारी नाही, टीव्हीच्या वर. तिकडं जास्त नजर जाते.

* * *

याच विषयाला का हात घातला, ते तिनं मला एकदा बीकर विसळताना सांगितलं. नऊ वर्षांची असताना मेंढरं तिच्याकडं होती. पाऊस लांबलेला, चारा कुठंच नाही. एका खुरटलेल्या ज्वारीत मेंढरं शिरली, तिनंही शिरू दिली. हिरवं दिसलं म्हणून तिला बरंच वाटलं. चौदा मेंढरं डोळ्यांसमोर पडली.

आबा, म्हणजे तिचे वडील, एक शब्द बोलले नाहीत. हात उगारला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या हातातली काठी काढून घेतली आणि तिला शाळेत नेऊन बसवलं. त्यानंतर ती काठी पुन्हा तिला कधी दिली नाही. सुट्टीत घरी गेली तरी नाही. मेंढरं धाकट्या बहिणीकडं, चुलत्याकडं, कुणाकडंही, पण उज्ज्वलाकडं नाही.

"मामा, लोकांना शिक्षण मिळतं, मला शिक्षा झाली," ती हसत म्हणाली. हसली खरी, पण बीकर तीनदा विसळला. पुढं म्हणाली, "डिग्री मिळंल न मिळंल. आबानं एकदा काठी हातात द्यावी."

चौथ्यांदा विसळायच्या आत मी तो तिच्या हातातून काढून घेतला.

* * *

दुष्काळाचा प्रयोग करायचा म्हणजे कुंड्यांना पाणी तोडायचं. मोजून दिवस तहानलेलं ठेवायचं, मग पान तोडून त्यातला आरएनए काढायचा आणि कोणता जीन जागा झाला ते मशीनवर बघायचं. उज्ज्वलानं पाणी तोडलं, दिवस भरले, पानं तोडली, मशीन लावलं. आलेख सपाट! ज्वारीला तहान म्हणून लागलेलीच नाही. पुन्हा केलं. पुन्हा सपाट. पोरगी रडकुंडीला आली. मॅडमनी रसायनं बदलली, मी पाणी गाळायचं यंत्र उघडून बसलो.

तिसऱ्या खेपेला मीच पाळत ठेवली. सकाळी सात वाजता आमचे वॉचमन शेख चाचा मगमध्ये पाणी घेऊन कुंडी-कुंडीला पाजत होते. अगदी प्रेमानं.

चाचा ओशाळले. "सूख रै थे बेचारे. मैं बोला, बच्ची भूल गई होगी. उसको डांट नै पडना."

म्हणजे या माणसानं उज्ज्वलाला बोलणी बसू नयेत म्हणून तिचं वर्ष बुडवलं होतं! मॅडमनी त्यांना बसवून सगळं समजावलं. ही झाडं तहानलेली राहिली तरच उद्या शेतातली वाचतील. चाचांनी ऐकून घेतलं, मान डोलावली आणि त्या दिवसापासून कुंड्यांजवळ खुर्ची टाकून बसायला लागले.

पुढं एका कार्यक्रमाला मोठे पाहुणे आले. फोटोग्राफर म्हणाला, साहेब, झाडाला पाणी घालताना एक फोटो होऊ द्या. कुणीतरी लगबगीनं झारी दिली. साहेबांनी ती नेमकी उज्ज्वलाच्या कुंडीवर वाकवली. बोलणार कोण?

चाचांनी पुढं होऊन साहेबांचं मनगट धरलं.

"साब, माफी. ये ड्यूटी पे है. प्यासा रैने की ड्यूटी."

साहेबांनी झारी खाली ठेवली आणि चाचांबरोबर फोटो काढला. त्या खेपेचा आलेख असा चढला, की मॅडमनी त्याची प्रिंट आधी गेटवर नेऊन चाचांना दाखवली.

* * *

एका मे महिन्यात फ्रीजरनं मान टाकली. आत उज्ज्वलाचे तीन वर्षांचे नमुने. आरएनए लई नाजूक माल. काही तासांत सगळ्याची माती झाली असती. मेकॅनिक दोन दिवसांनी येणार, आणि आमच्याकडचा द्रवरूप नायट्रोजनही संपत आलेला.

अशा वेळी शहाणी माणसं कंपनीला फोन करत बसतात. मला आठवले गंगापूरचे एक जनावरांचे डॉक्टर. गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी त्यांच्याकडं नायट्रोजनची ड्रमासारखी भांडी कायम भरलेली असतात. फोन लावला. भला माणूस, प्रश्न न विचारता एक भांडं रिकामं करून, नव्यानं भरून, स्वतःच्या जीपमधून घेऊन आला. तोवर आम्ही असेल नसेल तेवढा नायट्रोजन ओतून नमुने कसेबसे धरून ठेवले होते.

भांडं आत नेताना शेजारच्या विभागातल्या एका सरांनी विचारलं, यात काय आहे?

डॉक्टर म्हणाले, "सकाळपर्यंत गीर वळू होता. आता ज्वारी आहे."

एकही नमुना गेला नाही. डॉक्टरांचं नाव प्रबंधात आभाराच्या पानावर आहे. चाचांचंही आहे. माझं तिसरं आहे, पण मी मनावर घेतलेलं नाही.

* * *

आबा एकदाच लॅबमध्ये आले. पांढरा पटका, खांद्यावर घोंगडी, चपला बाहेर काढून. उज्ज्वला त्यांच्यापुढं नेहमी थोडी आखडून असायची, तशीच उभी राहिली. तिच्या आठ वाणांच्या कुंड्या मांडलेल्या होत्या. मॅडम सहज म्हणाल्या, आबा, यातली कुठली जनावराला लागेल, कुठली नाही?

आबांनी प्रत्येकीचं एक पान खुडलं, बोटांत चुरगाळलं, नाकाशी नेलं आणि टाकलं. सात कुंड्या एकीकडं सरकवल्या, एक वेगळी काढली. "ही त्यातल्या त्यात गरीब." ती नेमकी पाचोडकडचीच, बांधावर लावतात ती जुनी ज्वारी.

दोन दिवसांनी मशीननंही तेच सांगितलं. या एकीत विष तयार करणारा जीन तहानेतही फारसा जागा होत नव्हता. उज्ज्वलाचा सगळा प्रबंध पुढं त्या आठव्या कुंडीवर उभा राहिला.

त्या दिवशी मॅडम कौतुकानं म्हणाल्या होत्या, हे कळायला आम्हाला एवढी मशीनं लागतात.

"मला चौदा मेंढरं लागली," आबा म्हणाले.

उज्ज्वला मान खाली घालून कुंड्या पुसत होती.

* * *

शेवटी तिचा व्हायवा. हॉल भरलेला. आबा मागच्या रांगेत माझ्याशेजारी, चाचा दारात. परीक्षक उत्तरेकडचे, हिंदी बोलणारे. प्रश्नांवर प्रश्न झाले, पोरगी डगमगली नाही. तहान किती दिली, जीन किती चढला, विष ओळखायचा कागद रंग कसा बदलतो, सगळं तोंडपाठ. शेवटी त्यांनी विचारलं, हा विषय तुम्हाला कुठून मिळाला?

उज्ज्वला क्षणभर थांबली आणि तिच्या हिंदीत म्हणाली, "सर, ये मेरे पिताजी ने दी हुई शिक्षा है."

परीक्षक एकदम खूश झाले. म्हणाले, अशी शिक्षा प्रत्येक बापानं लेकीला दिली पाहिजे. टाळ्यांचा कडकडाट झाला. आमच्या मराठीत तिनं काय म्हटलंय, ते अर्ध्या हॉलला कळलं आणि अर्धा हॉल नुसताच वाजवत राहिला.

आबांनी मला कोपरानं ढोसलं. काय म्हणली? मी जे होतं ते सांगून टाकलं. शाळेत घातलंत ती तिला शिक्षा वाटली, आबा. काठी काढून घेतलीत ना.

डॉक्टरेट जाहीर झाली, पेढे वाटले, फोटो झाले. आबांनी पेढा पटक्याच्या टोकाला बांधून ठेवला.

पुढच्या पावसाळ्यात त्यांनी आम्हाला पाचोडला जेवायला बोलावलं. मॅडम, मी, चाचा, तिघंही गेलो. पावसानं तीन आठवडे ओढ दिलेली. घरामागच्या तुकड्यात ती आठव्या कुंडीतली ज्वारी पेरलेली, गुडघ्याएवढी, खुरटलेली. नऊ वर्षांच्या पोरीनं पाहिली होती तशीच. उज्ज्वला सकाळपासून पानं चेचून बाटलीत पिवळा कागद लटकवून बघत होती. विष असलं की तो विटकरी होतो. तुकड्याच्या चारी कोपऱ्यांतून पानं आणली, कागद पिवळाच. मॅडमनी स्वतः बघितला, पिवळाच. मी बघितला, माझ्या बघण्याला काही अर्थ नव्हता, पण बघितला.

मेंढरं कुंपणाबाहेर उभी होती. आबांनी काट्याचं फाटक बाजूला केलं, खांद्यावरची काठी काढली आणि लेकीपुढं धरली.

उज्ज्वलाचा हात काही वर येईना. पाच वर्षं मशीनपुढं न घाबरलेली पोरगी काठीपुढून एक पाऊल मागं सरली.

"आबा, एखादं पडलं तर?"

"तर काय," आबा म्हणाले, "परत शाळंत घालीन."