साडूंच्या आतलं बिऱ्हाड

अख्ख्या लातूर जिल्ह्यात स्वतःच्या आतड्यांशी इतक्या अदबीनं बोलणारा दुसरा माणूस सापडणार नाही, असं मी छातीठोकपणे सांगतो. आणि सापडलाच, तर कृपा करून त्याला माझा साडू करू नका. एक आहे तेवढा पुरे आहे. आमचे हे साडू, म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान, शिरूर अनंतपाळच्या एका शाळेत जन्मभर विज्ञान शिकवून निवृत्त झाले. शाळेनं त्यांना सोडलं, पण त्यांनी विज्ञान सोडलं नाही, आणि आम्हालाही सोडलं नाही. मी पडलो लातूरचा पेंड-सरकीचा दुकानदार. शरीराशी माझा संबंध गिऱ्हाइकांच्या म्हशींपुरता. पण दोन वर्षांमागं माझी दोन्ही मूत्रपिंडं बसली, आठवड्यातून दोनदा डायलिसिसच्या खुर्चीत पडून राहायची वेळ आली, आणि साडूंना नोकरीत कधी मिळाला नव्हता तसा विद्यार्थी मिळाला: सुईनं बांधलेला आणि मधल्या सुट्टीत न पळणारा. त्यात एक दिवस त्यांनी जाहीर केलं, की आप्पांना, म्हणजे मला, ते आपलं एक वृक्क देणार. मूत्रपिंडाला ते वृक्कच म्हणतात, पुस्तकात तसं आहे म्हणून. बायकोला साखर, भाऊ राहिला नाही, आणि मुलीचं घ्यायला मी तयार नव्हतो. तेव्हा त्या दिवसापासून माझं पुढचं सगळं आयुष्य या माणसाच्या पाठीत, बरगड्यांच्या खाली कुठंतरी ठेवलेलं होतं, आणि ते मला नीट ठाऊक होतं.

साडूंचं म्हणणं असं, की माणूस एकटा कधीच नसतो. त्याच्या आत पेशींचं एवढं मोठं बिऱ्हाड नांदत असतं, की आपण तिथले नुसते नावाचे मालक. त्यामुळे हा माणूस कुठलीच गोष्ट एकट्यानं करत नाही. मिरचीची भजी खायच्या आधी पोटावर हात ठेवून जठराची माफी मागतात. जिना चढून आल्यावर आधी मांड्या थोपटतात, मग खुर्चीत बसतात. यकृतावर तर त्यांची विशेष माया. यकृत म्हणजे घरातली थोरली सून, असं त्यांचं मत: सगळ्यांनी बाहेरून आणलेलं विष तिनं निस्तरायचं, साखर उरली तर जपून ठेवायची, कमी पडली तर काढून द्यायची, आणि तोंडातून अक्षर काढायचं नाही. हे ते माझ्या बायकोसमोर बोलले. ती खरोखरीची थोरली सून. तेव्हापासून आमच्या घरी वाद निघाला की ती पदर खोचून, "या घराचं यकृत मीच," एवढंच म्हणते आणि स्वयंपाकघरात निघून जाते. मेहुणीचं दुखणं वेगळं. ती चिडली की साडू शांतपणे घड्याळाकडं बघतात. रागाचं द्रव्य वृक्कावर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथीतून सुटतं आणि थोड्या वेळात विरून जातं, म्हणून नवऱ्यानं उत्तर द्यायचं नसतं, नुसतं थांबायचं असतं, हे त्यांचं शास्त्र. मेहुणी म्हणते, त्यांनी घड्याळ बघितलं की माझा दुसरा हप्ता सुटतो.

माझं दुखणं सुरू व्हायच्या आधी देवणीला एका लग्नात मी त्यांच्या शेजारी पंगतीला बसलो होतो, ही माझी चूक. समोर नवरदेवाचे मामा. वाढपी दुसऱ्यांदा जिलेबी घेऊन आला आणि मामांनी आनंदानं मान हलवली, तसे साडू त्यांना समजावून सांगायला लागले, की पहिली जिलेबी आता जठराच्या आम्लात भिजायलीय, तिथं तिची घुसळण होऊन पेज होईल, मग लहान आतड्यात तिला पित्त भेटेल, तुपाचे बारीक थेंब होतील, आणि बोटांसारख्या उंचवट्यांतून साखर रक्तात जाईल. सांगण्यात वाईट हेतू काहीच नव्हता. त्यांना वाटतं, जेवणाऱ्याला आपल्या जेवणाचं पुढं काय झालं याची काळजी असणारच. मामांनी ताट सारलं. मुलीकडची मंडळी हात जोडत धावत आली, काय कमी पडलं म्हणून, आणि मी मठ्ठा पीत राहिलो.

शाळेतले त्यांचे पराक्रम मी त्यांच्याच तोंडून इतक्या वेळा ऐकलेत की ते माझ्याच डोळ्यांसमोर घडले असं वाटतं. रक्ताभिसरण शिकवायचं, तर त्यांनी मैदानभर फक्की टाकून हृदय आखलं, चार कप्प्यांचं. अर्धा वर्ग लाल फिती लावून, अर्धा निळ्या. निळ्या फितीवाल्यांनी फुफ्फुसात, म्हणजे कडुनिंबाखाली जायचं, फीत बदलायची आणि लाल होऊन परत यायचं. दारादारांत दणकट पोरं झडपा म्हणून उभी. तेवढ्यात शाळा तपासायला विस्तार अधिकारी आले आणि ऑफिसकडं जायला सरळ मैदानातून निघाले. डाव्या कप्प्यात शिरले, मग लक्षात आलं की वाट चुकली, म्हणून मागं वळले, तर झडपेच्या पोरांनी हात आडवे घातले. रक्त मागं जात न्हाई साहेब, पुढं चला. साहेबांना पूर्ण शरीराला वळसा घालून, कडुनिंबाखालून यावं लागलं. साडूंना नोटीस आली. ती त्यांनी फ्रेम करून भिंतीवर लावली आहे.

पण सगळंच हसण्यासारखं नाही. हिमायतनगरला आमचे एक लांबचे मामा वारले, तेव्हा घरात रडारड चाललेली असताना हे जाऊन म्हाताऱ्या मामीशेजारी बसले आणि सांगू लागले, की माणूस गेला म्हणजे सगळा एकदम जात नाही, बुबुळावरचा पडदा अजून काही तास जिता असतो, तेवढ्यात दिला तर दोघांना दिसेल. भाच्यांनी दंडाला धरून त्यांना बाहेर काढलं. माझी मान शरमेनं खाली. जरा वेळानं मामीनंच आतून बोलावणं धाडलं. "न्या," ती म्हणाली, "त्यांना बघायची लई हौस होती."

माझ्या डायलिसिसला हा माणूस शिरूरहून सकाळच्या एसटीनं यायचा. मला सोबत हवी होती असं नाही. चार तास रक्त बाहेर जातं, धुऊन परत येतं, आणि माणूस धुतलेल्या धडप्यासारखा होऊन पडतो; त्याला बोलणं नको असतं, उजेडसुद्धा नको असतो. पण साडू स्टुलावर बसायचे आणि सुरू व्हायचे. यंत्रावर त्यांचा राग. हे म्हणे नुसतं गाळणं आहे. वृक्क आधी सगळं गाळतं, मग त्यातलं कामाचं पाणी, मीठ, साखर परत उचलून रक्ताला देतं, आणि टाकायचं तेवढंच टाकतं. आपल्या आत लाखो बारक्या नळ्या रात्रंदिवस हा हिशेब करायल्यात आणि आपण त्यांना कधी विचारलंसुद्धा नाही. हे ते मला सांगत, सिस्टरला सांगत, शेजारच्या खुर्चीतल्या उदगीरच्या कापडवाल्याला सांगत. तो बिचारा साडूंची चाहूल लागली की चादर तोंडावर घेत असे. मी बेजार होऊन डोळे मिटायचो. तरी खरं सांगायचं तर, त्या मिटल्या डोळ्यांआड मी साडूंच्या वृक्काचाच विचार करत असे. रक्तगट जुळला होता. आशा फार वाईट, ती आधी झोप नेते.

आता साडू हे नातं कायद्याच्या लेखी जवळचं नाही. बायको, भाऊ, मुलगी चालते. साडू म्हटलं की अवयवदानाला परवानगी देणाऱ्या सरकारी समितीसमोर जाऊन, आमची एकमेकांवर माया आहे, हे पटवून द्यावं लागतं. फोटो लागतील, असं कुणीतरी सांगितलं. मग आम्ही दोघांनी एक रविवार जुने अल्बम काढले. फोटो पुष्कळ निघाले, पण प्रत्येक फोटोत साडू स्वतःच्या पोटाकडं नाहीतर छातीकडं बोट दाखवून काहीतरी सांगताहेत, आणि शेजारी मी, देवा सोडव, अशा चेहऱ्यानं. एकाही फोटोत माया दिसेना. साडू म्हणाले, समितीला सांगू, मायेचा स्नायू चेहऱ्यावर नसतो. आम्ही दोघं त्या दिवशी पोट धरून हसलो, आणि मेहुणीनं तेवढ्यात मोबाइलवर फोटो काढला. तो चालला असता.

पण समितीपर्यंत जायची वेळच आली नाही. त्याआधी साडूंची सोनोग्राफी झाली. मी आत त्यांच्या उशाशी उभा होतो. उताणे पडल्या पडल्या साडूंनी डॉक्टरीणबाईंना शिकवायला सुरुवात केली: उजव्यावर यकृत बसलेलं, म्हणून ते जरा खाली, डावं वर. बाईंनी उजवं बघितलं, डावीकडं आल्या, पुन्हा आल्या, कूस बदलायला लावली. मग विचारलं, लहानपणी काही ऑपरेशन झालं होतं का. नव्हतं. साडू म्हणाले, खाली ओटीपोटात राहून गेलं असेल, काहींचं राहतं, बघा की. बाईंनी तिथंही बघितलं. मोठ्या मशीनमध्येही घातलं. डावं वृक्क नव्हतं. कुठंच नव्हतं, जन्मापासूनच नव्हतं. उजवं एकटंच इतकी वर्षं दोघांचं काम ओढत आलं होतं आणि त्यापायी अंगानं थोराड झालं होतं. माणसाला वृक्कं दोन असतात, एक डावं, एक उजवं, असं या माणसानं पिढ्यान्‌पिढ्यांना शिकवलं होतं, पोरांचे हात धरून स्वतःच्या पाठीवर ठेवून दाखवलं होतं, आणि डावा हात रिकाम्या जागेवर ठेवला होता.

बाहेर बाकावर आम्ही दोघं बसलो. मला राग आला होता. कुणाचा, ते कळत नव्हतं. साडूंनी तेवढ्यातल्या तेवढ्यात आत जाऊन डॉक्टरांना विचारून पाहिलं, की हे एकच एवढं मोठं आहे म्हणता, तर त्यातलं अर्धं देता येईल का. शास्त्राचा माणूस, त्यांना उत्तर ठाऊक होतं. तरी विचारलं. परत येऊन बसले आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "अवयव चुकीचा बिघडला तुमचा, आप्पा. यकृत गेलं असतं, तर अर्धं कापून दिलं असतं. ते परत वाढतंय."

"पुढल्या वेळी तुम्हाला विचारून बिघडवतो," मी म्हणालो. हसायला कुणालाच आलं नाही.

त्यानंतर साडू यायचे बंद झाले. दोन-तीन आठवडे माझ्याजवळचं स्टूल रिकामं. मला वाटलं होतं, आता तरी निवांत झोप लागेल. पण यंत्राचा आवाज तेवढा ऐकू यायला लागला. उदगीरचा कापडवाला चादर खाली करून विचारायचा, सर आले न्हाईत आज बी? मग मेहुणीचा फोन आला. म्हणाली, दाजी, हे कुणाशी बोलत न्हाईत, गुडघा दुखतो म्हणून दुकानातून आणलेल्या गोळ्या खायलेत, पाणी सांगितलं तरी पीत न्हाईत. त्या दुखण्याच्या गोळ्यांनी मूत्रपिंड खराब होतं, हे मला कुणी शिकवलं होतं, सांगायला नकोच.

डायलिसिस नसलेल्या दिवशी मी एसटीनं शिरूरला गेलो. चढायला-उतरायला लोकांनी हात दिला. साडू ओसरीवर भिंतीकडं तोंड करून पडले होते. मला बघून उठून बसले. मी त्यांच्या उशाखालची गोळ्यांची पट्टी काढून मेहुणीकडं दिली आणि तांब्याभर पाणी मागितलं. साडूंचे डोळे एकदम मोठे झाले. आम्हा डायलिसिसवाल्यांना पाणी मोजून असतं. प्यायलेलं अंगातच साठतं, छातीत चढतं. उन्हाळ्यात मी बर्फाचा खडा जिभेवर ठेवून दुपारी काढल्या आहेत, आणि त्या खड्यावरसुद्धा याच माणसाचा पहारा असे. मी पिऊ नये म्हणून तांब्या अडवायला त्यांनी हात पुढं केला. मी तो त्यांच्याच हातात दिला.

"प्या," मी म्हणालो.

"तहान न्हाई, आप्पा."

"तहान माझ्याकडं हाय, सर. तुम्ही नुसतं प्या."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग तांब्या तोंडाला लावला आणि हळूहळू, एकेक घोट, सगळा रिकामा केला. थोडं पाणी हनुवटीवरून सदऱ्यावर ओघळलं. मी त्यांच्या घशाकडं बघत होतो. इतके दिवस पाण्याकडं बघवत नसे मला. कुणी प्यायला लागलं की मी तोंड फिरवायचो. त्या दिवशी फिरवलं नाही. ते पाणी आता कुठून कुठं जाणार, ते मला पाठ होतं, आणि शेवटी ज्या एकट्या वृक्कापाशी जाणार, त्याला ते पोचावं म्हणून मी साडूंच्या शेजारी भिंतीला टेकून बसून राहिलो.