न्यायाधीशाच्या मागची रांग

वॉशिंग्टनला जायचं तर चेरी फुलते तेव्हा जावं, असं इथे सगळेच सांगतात. आम्ही गेलो भर जुलैत, आणि तेही स्मारकं बघायला नाही. आमचे शेजारी हॅरल्ड ग्रीर यांचं नाव राष्ट्राध्यक्षांनी फेडरल, म्हणजे केंद्रीय न्यायालयाच्या, न्यायाधीशपदासाठी सुचवलं होतं आणि सिनेटच्या समितीपुढे त्यांची सुनावणी होती. तिथे उमेदवाराच्या मागच्या रांगेत घरची माणसं बसतात. ग्रीर विधुर, मूलबाळ नाही. कुंपणाशी उभे राहून त्यांनी जरा अवघडूनच विचारलं, "तुम्ही दोघं बसाल का?"

यात माझंही काही अडकलं होतं. एडिसनला येऊन वीस वर्षं होत आली, तरी मी अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं नव्हतं. आमच्याकडे ती शपथ बहुधा फेडरल न्यायाधीशापुढे घेतात. ग्रीर पेशाने वकील. अर्ज कधी भरतोस म्हणून अधूनमधून टोकत. एकदा टाळायला मी म्हणालो, तुम्ही न्यायाधीश व्हा, तुमच्यासमोर घेईन. खरं कारण वेगळं होतं. गाव सोडताना आई एस.टी.पर्यंत आली होती आणि मी तिला "येतो" म्हणालो होतो. आपल्याकडे "जातो" म्हणत नाहीत. आई आता नाही, पण शब्द देऊन ठेवलेला. शपथ घेतली की भारताचा पासपोर्ट परत करायचा. मग त्या शब्दाचं काय करायचं, ते मला उमगत नव्हतं.

तर रस्ता. टर्नपाइकचा महामार्ग धरून दक्षिणेला जायचं, डेलावेअरचा मोठा पूल, मग बाल्टिमोरचा बोगदा. चार तास पुरतात. टोलसाठी सुटी नाणी जवळ ठेवा. वाटेतल्या थांब्यांवर बर्गरशिवाय फारसं काही मिळत नाही, म्हणून माझ्या बायकोने, नलिनीने, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेतली होती. शिवाय बर्फाच्या पेटीत दह्याचा एक डबा होता. त्याला हात लावू दिला नाही.

डेलावेअरच्या पुलावर नदी इतकी रुंद दिसते की मला आमच्या गावची नदी आठवली. तशी ती या नदीच्या पासंगालाही पुरायची नाही. लांबच्या प्रवासात मी मनात नाम घेत असतो. त्या पुलावर ते थोडा वेळ थांबलं.

शहराबाहेर साध्या मोटेलात उतरलो. शहरातल्या हॉटेलांचे दर आपल्या आवाक्यातले नाहीत. आमची मुक्ता तिथेच कॉलेजात राज्यशास्त्र शिकते. ती संध्याकाळी आली आणि दशम्या खाता खाता तिने सगळं उलगडून सांगितलं. राष्ट्राध्यक्ष फार तर आठ वर्षं राहतो, पण त्याने नेमलेला न्यायाधीश तहहयात. म्हणून प्रत्येकाला आपल्या विचाराची माणसं बसवायची असतात. आपल्या राज्याच्या दोन्ही सिनेटरांकडे समिती एक निळा कागद पाठवते, हरकत आहे का विचारते. ग्रीर यांचे दोन्ही कागद होकार घेऊन परत आले होते. पण सिनेट विरोधी पक्षाच्या हातात आणि नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक. थोडं रेंगाळलं की जागा कदाचित त्यांच्या माणसाला मिळेल.

"पण ग्रीर तर कुणाच्याच अध्यात-मध्यात नसतात," मी म्हणालो.

"बाबा, इट्स नॉट अबाउट हिम. इट्स अबाउट द चेअर."

नलिनी म्हणाली, "म्हणजे मुलगी बघायला यायचं, पोहे खायचे आणि 'कळवतो' म्हणून निघून जायचं."

मुक्ता हसली. मला हसू आलं नाही.

सकाळी गाडी न्यू कॅरोल्टन स्टेशनला ठेवून मेट्रो घेतली. तुम्हीही तेच करा. कॅपिटल साउथला उतरून चढ चढलं की उजवीकडे ग्रंथालय, मग सर्वोच्च न्यायालयाच्या पांढऱ्या पायऱ्या. त्या पायऱ्यांपाशी हात आपोआप जोडले गेले.

सिनेटच्या इमारतीत पहारेकऱ्याने डबा उघडून हुंगला आणि हसून आत सोडलं. खोलीच्या दाराशी नलिनीने ग्रीर यांच्या तळव्यावर दहीसाखर ठेवली. उत्तम सुटातला तो उंच माणूस तळवा चाटून मोकळा झाला आणि रुमाल शोधू लागला.

"आता 'येतो' म्हणा," ती म्हणाली.

"येटो," ग्रीर म्हणाले आणि आत गेले.

खोली भव्य होती, पण उंच खुर्च्या जवळजवळ सगळ्या रिकाम्या. एकच सिनेटर आले होते. घरचं कोणी आलंय का, असं त्यांनी विचारलं. ग्रीर मागे वळले. "माझे शेजारी आलेत," ते म्हणाले, "मला आहेत ती माणसं हीच." आम्ही उभे राहिलो, नलिनीने नमस्कार केला. मग चार-पाच प्रश्न, तेही घाईचे. शेवटी सिनेटर म्हणाले, समिती आपल्याला कळवेल. नलिनीने माझ्याकडे पाहिलं.

दुपारी तिथल्याच उपाहारगृहात बीन्सचं सूप घेतलं. स्वस्त आणि पोटभर. फोडणी विसरलेल्या उसळीसारखं. ग्रीर खूश होते. तुझ्या शपथेला कोणती तारीख सोयीची, असं मलाच विचारत होते.

समितीने कळवलं नाही. मत घेतलंच नाही. अधिवेशन संपलं आणि नाव राष्ट्राध्यक्षांकडे परत गेलं. वर्तमानपत्रात त्याची ओळही नव्हती.

काल ग्रीर अंगणात पानं गोळा करत होते. मी कुंपणापाशी गेलो. तेच आधी म्हणाले, "माझी वाट बघत अडून राहू नकोस. तू शपथ घेशील त्या दिवशी मी मागच्या रांगेत बसेन." मग दाताळं टेकवून म्हणाले, "दही मी आणतो. मागाहून काय म्हणायचं तेही माझ्या लक्षात आहे."

त्यांना त्या शब्दाचा अर्थ आम्ही सांगितलाच नव्हता. काल सांगितला. "म्हणजे निघतानाच परत यायचं कबूल करायचं," ते म्हणाले. "मग शपथेने ते कसं मोडेल?"

संध्याकाळी देवापुढे दिवा लावला आणि आईला तेच विचारलं.