चुलीवरची करडी माती

ओल्या सारवणाचा वास आला की आजही मला विदर्भातल्या हिंगण्याकडची ती केस आठवते. मी शिपाई म्हणून भरती झालो आणि फौजदार होऊन निवृत्त झालो. शिक्षण कमी. घडलं तेवढंच लिहितो, नावं लिहीत नाही.

सकाळची हजेरी सुरू असताना ठाण्यात निनावी फोन आला. एमआयडीसीमागच्या वस्तीत नवऱ्यानं बायकोवर डिझेल टाकून पेटवलं, एवढं सांगून ठेवून दिला. आम्ही पोहोचलो तोवर बाईला दवाखान्यात नेलं होतं. जळक्या लुगड्याला खरंच डिझेलचा वास होता. आदल्या दिवशीचं भांडण शेजाऱ्यांनी ऐकलं होतं. नवरा कारखान्यात हमालीला. त्याचे दोन्ही हात भाजलेले. पण हात पेटवणाऱ्याचेही भाजतात अन् विझवणाऱ्याचेही. बाई बेशुद्ध, म्हणून तिचा जबाब नाही. त्याला ताब्यात घेतलं.

"डिझेल कुठून आणलं?"

"माह्याकडे सायकल हाय साहेब. सायकलीत कोणी डिझेल टाकते का?"

जमादार हसला. मी पुढचं विचारलं, "मग भांडण कशाचं?"

"चुलीचंच. मी म्हटलं, गॅस भरून आणतो. बायको म्हणे, पाणी तापवाले चूल पाह्यजेच. साहेब, मले तिच्यापाशी न्या. मंग फाशी द्या."

खोटं बोलणारा आधी स्वतःला वाचवतो. हा एकदाही 'मला सोडा' म्हणाला नाही. पण तेवढ्यावर कोर्ट ऐकत नाही. मी पुन्हा घटनास्थळी गेलो.

पत्र्याच्या पडवीत नवी चूल होती. एक बाजू जळून काळी, दुसरी करडी, लोण्यासारखी सारवलेली, अजून ओली. नखानं खरवडली. डिझेलचा वास. पंचांसमोर एक ढेकूळ बाहेर नेऊन काडी लावली. आधी धूर निघाला, मग ढेकूळ पेटलं.

शेजारीण पाहत होती. म्हणाली, "खदानीतली माती हाय. लय चिकट. मीबी आणली, अजून लावली नाही."

"वास नाही आला वं बाई?"

"एमआयडीसीत कशाले वास नाही येत साहेब? वाटलं, वाळल्यावर जाईन."

घरोघरची ती माती आधी बाहेर काढायला लावली. मग वस्तीच्या वरच्या अंगाला असलेल्या त्या दगडाच्या खदानीवर साध्या वेशात माणसं बसवली. दुपारी टिपर आला, तोच करडा चिखल गळत.

"माल कुठला?"

"समुद्रातला," ड्रायव्हर म्हणाला.

"आमच्याकडे अंबाझरीच्या तलावापुढं समुद्र नाही गा," जमादार म्हणाला.

दम दिल्यावर त्यानं सगळं सांगितलं. समुद्रात तेलाची विहीर खोदताना आत डिझेल कालवलेला चिखल सोडतात. तो दगडाचा चुरा घेऊन वर येतो. परत समुद्रात टाकायला मनाई, म्हणून हा माल विदर्भातल्या सिमेंटच्या भट्टीत जाळायला पाठवला होता. भट्टीवाल्यांनी ओला म्हणून परत केला. ठेकेदार म्हणाला, तिकडंच कुठं रिकामा कर.

"खाली वस्ती आहे, दिसली नाही?"

"दिसली. पण मातीच तर वाटते साहेब."

मातीचे नमुने प्रयोगशाळेत गेले, ठेकेदाराला अटक झाली. नवऱ्याला मी स्वतः दवाखान्यात घेऊन गेलो. बाई शुद्धीवर आली होती. डॉक्टरांनी परवानगी दिली, नायब तहसीलदारांनी जबाब घेतला. "चूल पेटली. यायनं विझवलं." तेवढंच. मग तिनं नवऱ्याकडे मान वळवली.

"सारवण गुळगुळीत आलं होतं न जी?"

"हो वं."

संध्याकाळी ती गेली.

ठेकेदारावरचा खटला मी निवृत्त झालो तेव्हाही चालूच होता. ट्रक रिकामा झाला की टाकणाऱ्याचं काम संपतं. टाकलेलं कोणाच्या घरात जातं, ते बघायला तो थांबत नाही. या केसनं मला एवढं शिकवलं. मरणाऱ्याच्या जबाबाबद्दलही शिकवलं, पण ते मला उशिरा कळलं.

मागच्या वर्षी माझी बायको गेली. शेवटच्या दिवशी मला वाटलं, ती काहीतरी मोठं सांगेल. तिनं विचारलं, "गॅस बंद केला न जी?"

आम्ही दवाखान्यात होतो. गॅसचं मला काही आठवत नव्हतं.

मी म्हटलं, "हो वं."